फक्त न येणाऱ्यांनी कळवावे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मला सगळं येतं, अशी आमच्या ओळखीच्या लोकांची समजूत आहे. कुणाला भाडेकराराचा कागद समजून घ्यायचा असला, कुणाला लीव्हचा अर्ज लिहायचा असला, की माणसं पप्पांना म्हणतात, "तुमच्या बायला विचारा की." आमच्याकडे बाय म्हणजे मुलगी. मी कुणाला नाही म्हणत नाही. खोलीवर येऊन गुपचूप शोधते, वाचते आणि दुसऱ्या दिवशी जणू आधीपासून माहीत होतं अशा थाटात सांगते. ही सवय चांगली नाही हे मला आता कळतं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. इथे बहारीनमध्ये, मनामातल्या ज्या दवाखान्यात माझी आई सोळा वर्षं मदतनीस होती, तिथे ते काम करायचे. माझी पहिली किडलेली दाढ त्यांनीच भरली. ते भारतीय नव्हेत. त्यांचा देश डोंगराळ आणि लांबचा आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिकडची माणसं अजूनही छापील नावाला बिचकतात, आणि माझ्या लिहिण्याने कुणाला त्रास व्हावा असं मला वाटत नाही.

त्या देशात अनेक वर्षं एकाच घराण्याची सत्ता होती. डॉक्टर तिच्याविरुद्ध उघड बोलत, म्हणून त्यांना घरी जाता येत नव्हतं. मग तिकडे लोक रस्त्यावर उतरले, बरीच माणसं मेली, आणि एका हिवाळ्यात ती सत्ता पडली. नव्या सरकारला परदेशात माणसं हवी होती आणि त्यांच्याकडे माणसंच नव्हती. बहारीनसाठी त्यांनी डॉक्टरांना आपला प्रतिनिधी नेमलं. जुन्या वकिलातीतली मंडळी एव्हाना निघून गेली होती. मागे राहिला होता मनामाच्या अदलिया भागातला एक छोटा व्हिला, दोन टेबलं आणि एक प्रिंटर. डॉक्टरांनी दवाखान्याची नोकरी सोडली आणि त्या व्हिलात जाऊन बसले.

दुसऱ्याच आठवड्यात मला फोन. "तू आता युनिव्हर्सिटीत आहेस ना? मग देशांनी एकमेकांना पत्रं कशी लिहायची ते तुला येत असेल."

"हो, डॉक्टर," मी म्हणाले.

मला येत नव्हतं. सखीरच्या कॅम्पसवर मी बिझनेस शिकते. त्या सत्रात राज्यशास्त्राचा एक ऐच्छिक विषय घेतला होता, एवढंच. त्यात देश कशाला म्हणावं याचे चार मुद्दे होते: लोक, जमीन, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. परीक्षेत मी ते बरोबर लिहिले होते. पहिल्या दिवशी डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने तेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पहिले तीन आहेत आमच्याकडे," ते म्हणाले. "चौथ्यात एक अडचण आहे. क्षमता माझी, पण दार दुसऱ्याने उघडायचं."

त्यांच्या बाबतीत ते दार म्हणजे काय, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी वडिलांच्या मातीला म्हणून तिकडे गेल्या आणि जुन्या सरकारने विमानतळावरच त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. नवऱ्याच्या बोलण्याची शिक्षा बायकोला. आता नव्या सरकारने त्यांना नवा, हिरव्या कव्हराचा पासपोर्ट दिला होता. पण त्याच्यावर व्हिसाचा शिक्का मारायला एकही देश तयार नव्हता. शिक्का मारला म्हणजे ते सरकार मानलं असं झालं असतं. इथल्या मंत्रालयाने डॉक्टरांना नम्रपणे सांगितलं होतं, थोडं थांबा, इतर देश काय ठरवतात ते पाहू. इतर देशही हेच म्हणत होते. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते, आणि दूर एका डोंगराळ गावात एक बाई पासपोर्ट उशाला घेऊन झोपत होती. उशाला घेऊन झोपत होती हे माझं पदरचं नाही, त्यांनी स्वतःच मला फोनवर सांगितलं होतं.

डॉक्टरांना जाता आलं असतं. शेजारच्या देशातून रस्त्याने जायची सोय होती. पण त्यांचा स्वतःचा पासपोर्ट जुन्या सरकारचा होता, मुदत संपत आलेली. एकदा इथून गेले की परत यायची वाट बंद. "मी गेलो तर तिला इथे आणायला उरणार कोण?" ते म्हणायचे. सहा वर्षं त्यांनी ते घर तिच्यासाठी तसंच ठेवलं होतं. तिच्या कपाटाची चावी अजून कपाटालाच होती.

मला हे समजत होतं असं मी म्हणेन, पण त्यात थोडी लाजही आहे. माझी आई दोन वर्षांपूर्वी वसईला परत गेली. पप्पांनी शहरापासून लांब, समुद्रकाठच्या झल्लाकच्या हॉटेलात नवी नोकरी धरली. तिथे बँक्वेटचे कॅप्टन, म्हणजे हॉलमधल्या सगळ्या वाढप्यांचे प्रमुख. काम चांगलं, पण राहायला एकट्या पुरुषांची खोली, आणि फॅमिली व्हिसा नाही. आईला जावं लागलं. मी स्टुडंट व्हिसावर राहिले, दोन मुलींबरोबर खोली घेऊन. आई रोज फोनवर दिसते. मागे केळीची पानं हलतात, चर्चची घंटा ऐकू येते. ती विचारते, "जेवलीस?" मी म्हणते, "जेवले." तिच्याकडे जायला मला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त सुट्टी लागते. म्हणून डॉक्टरांसमोर मला आईची आठवण काढायला लाज वाटायची.

मी आठवड्यातून तीन दुपारी अदलियाला जाऊ लागले. शेजारी एक कॅफे होता. तिथे येणारे लोक व्हिलाच्या दारातच गाड्या लावायचे आणि प्रतिनिधी महाशयांना स्वतः बाहेर जाऊन, "भाई, प्लीज," करावं लागायचं. बाहेर झेंडा लावायची परवानगी नव्हती. तो आत दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी उभा होता.

पत्रं लिहायला मी शिकले. देशांच्या पत्रात 'मी' नसतो. अमुक कार्यालय तमुक वकिलातीला सादर अभिवादन करते आणि ही संधी साधून आपला परम आदर व्यक्त करते. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला तेच, शेवटी तेच. मधे एक-दोन ओळींत काय हवं ते. डॉक्टर मधल्या ओळींवर तासन्‌तास घालवायचे. व्यापार, विद्यार्थी, हवाई मार्ग. पासपोर्टचा मुद्दा ते नेहमी शेवटून दुसरा घालायचे.

"पहिला का नाही?" मी एकदा विचारलं.

"पहिला घातला तर त्यांना कळेल मला तोच हवाय."

उत्तर एकाचंही आलं नाही. नकारसुद्धा नाही. नकार लिहायचा तर पाकिटावर आमच्या कार्यालयाचं नाव लिहावं लागलं असतं, आणि तेही एक प्रकारे मानणंच झालं असतं. हे मला फार उशिरा उमजलं. तेव्हा मला वाटायचं, आपलं इंग्रजी कमी पडतंय.

क्रांतीला वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की स्वागत समारंभ करायचा. सकाळी अकरा ते एक. सगळ्या वकिलातींना बोलवायचं. "पत्राला उत्तर देणं त्यांना अवघड जातं," ते म्हणाले. "पण माणूस म्हणून येऊन एक ग्लास सरबत पिणं? त्याला काय हरकत आहे? एक जण आला की दुसरा येईल."

हॉल पप्पांच्या हॉटेलात घ्यायचं मीच सुचवलं. कार्डाचा मजकूर करायचं कामही माझ्यावरच आलं. आणि नेहमीप्रमाणे मला येत होतं.

पप्पांना एक सवय आहे. हॉलमध्ये झालेल्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाचं कार्ड ते आठवण म्हणून ठेवतात. बिस्किटांच्या डब्यात अशी शेकडो कार्डं आहेत. त्यातून मी तीन-चार वकिलातींची जुनी कार्डं काढली आणि त्यांच्यावरून आमचं बनवलं. त्या सगळ्यांच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकच ओळ होती: फक्त न येणाऱ्यांनी कळवावे. खाली फोन नंबर. मला ती ओळ फार आवडली. नम्र वाटली, आटोपशीर वाटली. येणाऱ्यांना उगाच फोन करायचा त्रास नाही. मी ती जशीच्या तशी उचलली.

डॉक्टरांनी छापायच्या आधी कार्ड हातात घेतलं. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. द्या छापायला."

कार्डं वाटायला आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून निघालो. प्रतिनिधीने स्वतःची कार्डं स्वतः वाटणं बरं दिसत नाही, म्हणून ते गाडी अलीकडच्या गल्लीत लावून सीटवर थोडे खाली सरकून बसायचे आणि मी फाटकापर्यंत चालत जायचे. फाटकावर नेपाळचे, केरळचे, यूपीचे रखवालदार. पप्पांनी बजावलं होतं, "पोच घेतल्याशिवाय पाकीट देऊ नको." म्हणून मी एक वही नेली होती. आतल्या ऑफिसातून कुणी शिक्का मारून देईना, पण माझ्या हिंदीवर रखवालदार खूश होऊन सही करायचे.

"शादी का कार्ड है क्या, बहन?" एकाने विचारलं.

"शादी का ही समझो, भैया."

"फिर तो हम भी आएँगे," म्हणत त्याने झोकदार सही ठोकली.

गाडीत परत आले की डॉक्टर आधी वही मागायचे. सह्यांवरून बोट फिरवायचे. "घेतलं त्यांनी," म्हणायचे. त्या सह्या कुणाच्या आहेत ते मी त्यांना सांगितलं होतं. तरीही.

आणि मग आम्ही फोनची वाट पाहायला लागलो. म्हणजे फोन न येण्याची.

एक दिवस गेला, नाही. दोन गेले, नाही. पाच, सात. कुणीच 'येऊ शकत नाही' असं कळवलं नाही. दुपारी चारला डॉक्टरांचा पत्नीशी व्हिडिओ कॉल असायचा. त्यांची भाषा मला येत नाही, पण त्या दिवसांत डॉक्टरांचा आवाज बदलला होता. एरवी ते पत्नीशी पेशंटशी बोलावं तसं, धीर देत बोलायचे. आता हसायचे. एकदा त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. त्या बाईंना इंग्रजी थोडं येतं.

"तुझी आई बरी आहे? सगळे येणार म्हणतो हा. एकानेही नाही म्हटलं नाही. खरं?"

"खरं," मी म्हणाले. कारण ते खरंच होतं.

"मग मी लवकर येते. तुझ्या आईला सांग, तिची लोणच्याची बरणी परत द्यायची राहिलीय माझ्याकडून."

मी हसले. आतमध्ये कुठेतरी मला अभिमानही वाटला, तो लपवत नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी मी झल्लाकला गेले. पप्पा हॉलमध्ये टेबलांवरच्या चादरींच्या घड्या बघत होते. आमच्या घरात आम्ही वसईची कुपारी बोलतो, इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते.

"शंभर माणसांचं सांगितलंय तुझ्या डॉक्टरांनी," पप्पा म्हणाले. "किती नाही म्हणाले?"

"एकही नाही."

"आणि ड्रायव्हर?"

"कुठले ड्रायव्हर?"

पप्पांनी हातातली चादर खाली ठेवली. "बाय, साहेब येणार असला की ड्रायव्हर आदल्या दिवशी हॉटेलला फोन करतो. गाडी कुठे लावायची, साहेबांना कुठल्या दारातून आत न्यायचं. साहेब विसरेल, ड्रायव्हर विसरत नाही. बावीस वर्षं बघतोय मी. एकाही गाडीचा फोन नाही आज."

"मग उद्या करतील."

त्यांनी खिशातून आमचं कार्ड काढलं. ते त्यांच्याकडे त्याच दिवशी आलं होतं. तळाच्या ओळीवर अंगठा ठेवला. "ही ओळ कुणी घातली?"

"मी. तुमच्याच डब्यातली आहे."

"डब्यातली आहे गे. पण ज्यांच्याकडे सगळे जातातच ना, त्यांची ओळ आहे ती. त्यांना न येणारे मोजायचे असतात. ज्याच्याकडे कुणी येईल की नाही ठाऊक नाही, त्याने असं लिहायचं नसतं. त्याने विचारायचं असतं, याल का?"

सातवीपर्यंत शिकलेले माझे पप्पा. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कान गरम झाले. दहा दिवस ज्याला आम्ही होकार समजत होतो, ते काहीच नव्हतं. रिकामा कागद होता.

"डॉक्टरांना सांगू आता?" मी विचारलं.

"आता सांगून काय? जेवणाची ऑर्डर गेली, खलास." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "तू जा. मी हॉल बघतो."

सकाळी गेले तेव्हा हॉल ओळखू येईना. पप्पांनी सरकत्या भिंती ओढून त्याचे तीन भाग केले होते आणि एकच ठेवला होता. शंभर माणसांचा हॉल तीस माणसांचा झाला होता. टेबलं जवळजवळ, फुलांच्या कुंड्या मोकळ्या कोपऱ्यांत. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर दहालाच आले. राखाडी सूट, नवी टाय. दाराशी उभे राहिले. अकरा वाजले. सव्वा अकरा. त्यांच्या देशाची इथे राहणारी काही कुटुंबं आली, बायका, दोन नर्स, एक म्हातारे बेकरीवाले, मुलं. मुलांनी सरळ समोशांच्या टेबलावर चढाई केली. साडेअकरा वाजले आणि दारातून कुणी परकं आलं नाही.

पप्पा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "आठ पोरं ड्युटीवर नाहीत आज. रविवारी चर्चला मिस्साला घालायचे सूट आहेत त्यांच्याकडे. पाच मिनिटांत उभी करतो. फोटोत बरं दिसेल."

मी जाऊन डॉक्टरांना तसंच सांगितलं.

"तुझ्या वडिलांना माझे आभार सांग," ते म्हणाले. "पण नको. थोड्या वेळाने ती फोनवर येणार आहे. तिने खरं आहे तेच बघावं."

पावणेबाराला एक तरुण आला. एका छोट्या देशाच्या वकिलातीतला कनिष्ठ अधिकारी. टाय नव्हती, कार्ड नव्हतं. "मी असाच इकडून चाललो होतो," तो म्हणाला. झल्लाक कुणाच्याही वाटेवर नाही, हे बहारीनमध्ये शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे. डॉक्टरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याने डाळिंबाचं सरबत घेतलं, फोटोची वेळ आली तेव्हा हलकेच बाजूला सरकला, आणि सात-आठ मिनिटांत गेला. ग्लास अर्धा तसाच होता.

बारा वाजता फोन लागला. डॉक्टरांनी तो पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. त्यांच्या पत्नीने निळी शाल घेतली होती आणि शाळेत फोटो काढताना मुली बसतात तशा ताठ बसल्या होत्या. राजदूत आपल्याला बघणार असं त्यांना वाटलं असावं. डॉक्टरांनी फोन उचलला आणि हळूहळू हॉलभर फिरवला. झेंडा, मुलं, बेकरीवाले आजोबा, भरलेली टेबलं. मग परत आपल्याकडे.

त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला. डॉक्टरांनी एका शब्दात उत्तर दिलं. मला भाषा येत नसली तरी ते काय होतं हे समजायला कठीण नव्हतं. शालीच्या आतून एक हात आला आणि त्यांनी शालीचं टोक नीट केलं. मग त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतायत?" बेकरीवाल्यांच्या नातीला मी विचारलं.

"म्हणतात, एवढं अन्न टाकू नका. मुलांना बांधून द्या."

पप्पा आणि त्यांची माणसं डबे भरायला लागली. मी डॉक्टरांना शोधत मागच्या गच्चीवर गेले. ओहोटी होती. दूरवर वाळू उघडी पडली होती आणि एक माणूस गुडघाभर पाण्यात जाळं सारखं करत होता. डॉक्टर कठड्याला टेकून उभे होते, टाय खिशात.

"डॉक्टर, माझं चुकलं," मी म्हणाले. पाठ करून आले होते, पण पुढचं सगळं उलटसुलट झालं. "कार्डावरची ती ओळ. ती तशी घालायची नसते. मला माहीत नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुम्ही शंभर लोकांचं जेवण… आणि त्यांना सांगितलंत की सगळे..."

"मी वाचली होती ती ओळ," ते म्हणाले.

मी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं दातांचे एक्स-रे वाचले मी. एक ओळ वाचता येणार नाही? छापण्यापूर्वीच मनात आलं, ही काढायला हवी. या ओळीने आपल्याला काहीच कळणार नाही. मग वाटलं, राहू दे." ते जाळ्यावाल्याकडे बघत होते. "पत्रं पाठवायचो तेव्हा रोज टपालात नकार शोधायचो. या दहा दिवसांत फोन वाजला नाही की आनंद व्हायचा. असे दहा दिवस सहा वर्षांत मिळाले नव्हते मला."

त्यांनी खिशातली टाय काढून नीट गुंडाळली.

"मला ते दिवस हवे होते, ठीक. पण तिला द्यायला नको होते. तिने काय केलं माहितेय? सामान आवरलं. शिवणाचं मशीन शेजारणीला देऊन टाकलं. त्याच्यावर तिचं घर चालतं. आता परत मागायची लाज वाटते म्हणाली."

मी रडायला लागले. त्यांनी खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही, ते तसे नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कुणीतरी जाऊन ते मागायला हवं."

तेव्हा मला वाटलं, ते मला हसवायला म्हणतायत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक पत्र टाईप करायला दिलं. यावेळी ते दुसऱ्या देशाला नव्हतं, त्यांच्याच सरकारला होतं. माझ्या जागी दुसरा माणूस पाठवा, माझ्या पासपोर्टची मुदत संपण्याआधी मी घरी येतो आहे. मी दोनदा वाचलं.

"पण मग परत येता येणार नाही तुम्हाला."

"नाही."

"आणि इथलं घर? इतकी वर्षं ठेवलंत ते?"

"घरात कुणी नसेल तर ते ठेवून काय करायचं असतं, मला कळलं नाही," ते म्हणाले. "मी समजत होतो मी तिच्यासाठी दार धरून उभा आहे. दार धरणारा माणूस स्वतः आतही नसतो आणि बाहेरही नसतो."

मी त्यांना सांगितलं की मी विमानतळावर येईन. ते नको म्हणाले. तरी मी गेले, पप्पाही शिफ्ट बदलून आले. डॉक्टरांकडे दोनच बॅगा होत्या. एका बॅगेत फक्त बायकांचे कपडे होते, कपाटातले. तपासणीवाल्याने विचारलं, हे कुणाचे? "बायकोचे," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वीचे आहेत, आता बसतात की नाही बघायचं." पप्पांनी त्यांना खाण्याचा डबा दिला. "विमानात देतात हो जेवण," डॉक्टर म्हणाले. "देतात, पण ते हॉटेलचं नसतं," पप्पा म्हणाले. आणि मग ते आत गेले.

व्हिला बंद झाला. दाराशी आता कॅफेच्या गाड्या निवांत उभ्या असतात. मी परीक्षा दिल्या. राज्यशास्त्राचा पुढचा ऐच्छिक विषय घेतला होता, त्याच्या पेपरात पुन्हा ते चार मुद्दे आले आणि मी लिहिले, पण चौथ्या मुद्द्याशी हात थांबला. काय जास्त लिहावं सुचेना. शेवटी पुस्तकातलंच लिहिलं. तो माझा भित्रेपणा असेल, पण मास्तरांना दुसरं काही पटलं नसतं असं वाटलं.

काही महिन्यांनी एका सकाळी कॅम्पसवर बसची वाट पाहत असताना फोनवर बातमी दिसली. तो टाय नसलेला तरुण ज्या छोट्या देशाचा होता, त्या देशाने डॉक्टरांच्या देशाशी संबंध जोडले होते. आणखी दोघांनीही. इथलं अजून ठरलेलं नाही, पण ठरेल असं लोक म्हणतात. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना लिहिलं. खूप लिहिलं. आता पासपोर्ट चालेल, आता तुम्ही दोघं येऊ शकता, मी अर्जाचं सगळं बघते, मला खरंच येत नसेल तर विचारून करीन पण करीन. पाठवलं आणि लगेच वाटलं, एवढं थांबता आलं नसतं का त्यांना? थोडंसंच राहिलं होतं. मग स्वतःचाच राग आला. थोडंसंच राहिलंय हे बाहेरून कळतं. सहा वर्षं रोज सकाळी उठणाऱ्याला ते कसं कळणार?

संध्याकाळी त्यांचं उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये आलं. त्यांच्या त्या सावकाश इंग्रजीत. बातमी चांगली आहे, म्हणाले. नवा माणूस लवकरच अदलियाला येईल, त्याला पत्रांच्या फायली दाखव, पासपोर्टचा मुद्दा पहिला घालायला सांग. तुझ्या वडिलांना नमस्कार. इथे बर्फ वितळायला लागला आहे. तुझ्या आईला भेटायला कधी जाणार आहेस? येण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मग मागून बाईचा आवाज आला. काहीतरी दोन-तीन शब्द, लांबवत म्हटलेले. जेवण वाढलंय, ये, हे कुठल्याही भाषेत कळतं. डॉक्टर म्हणाले, आलो. ते त्यांच्या भाषेत म्हणाले, पण आलोच म्हणाले असणार. रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली, ताटाला चमचा लागला. ती काहीतरी बोलली, तो हसला. त्यांना अरे-तुरे करायची माझी हिंमत नाही, पण ते त्या वेळी तसेच हसले, कुणाचे तरी होऊन. दीड मिनिट ते तसंच चालू राहिलं. मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग सुट्टीची तारीख पाहायला कॅलेंडर उघडलं.